जैत्रपाळाचा दरबार कुठे?

काल्पनिक साहसखेळ रचणारा प्रथम दोन गोष्टी शोधतो: कामगिरी सोपवणारा आश्रयदाता आणि परतून येण्याचे ठाणे. मराठीच्या आद्यग्रंथाभोवती आपल्या परंपरेने नेमके हेच रचले आहे. 'विवेकसिंधू'चे परंपरागत रचनावर्ष शके १११० (इ.स. ११८८), कर्ता मुकुंदराज आणि आश्रयदाता जैत्रपाळ राजा.

हा राजा उदार नाही, हे विशेष. रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर स्वार होईपर्यंतच्या अवधीत ब्रह्मदर्शन घडवा, असा त्याचा हट्ट. न जमल्यास साधूंना बंदिवास. मुकुंदराज त्यांना सोडवतो आणि राजाच त्याचा शिष्य होतो. नुसता दानशूर राजा असता तर कथा पुढे सरकलीच नसती.

ठाण्याचा वाद मात्र मिटत नाही. मुकुंदराजाची समाधी अंबाजोगाईजवळ बालाघाटात दाखवतात. विदर्भातले अभ्यासक वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचा दावा मांडतात. आम्हां बीडकरांना तो रुचत नाही, हे सांगायला नकोच! पण ठाणे बदलले की आश्रयदाताही बदलतो. एका पक्षाला तो देवगिरीचा यादव जैत्रपाळ वाटतो, दुसऱ्याला बैतूलकडील खेडल्याचा राजा. यादव जैत्रपाळ मानायचा तर अडचण अशी, की ११८८ मध्ये गादीवर त्याचा पिता भिल्लम होता.

गंमत म्हणजे अंबाजोगाईला दगडावर कोरलेला आश्रयदाताही आहे: सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर. तेराव्या शतकातले शिलालेख त्याचे नाव सांगतात. त्याच्याभोवती मात्र रिकिबीची कथा वाढली नाही.