पोटॅशियम सुपरऑक्साइड

पोटॅशियम व ऑक्सिजन यांचे पिवळे, घनरूप व अत्यंत विक्रियाशील संयुग. हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये पोटॅशियम धातू वेगळी केली. ती भरपूर ऑक्सिजनामध्ये जाळली असता हे संयुग मिळते, हे लवकरच कळून आले. त्याची घडण मात्र शतकभर चुकीची समजली जात होती. लायनस पॉलिंग यांनी १९३१ मध्ये त्यात दोन ऑक्सिजन अणूंचा एकभारित ऋण आयन असल्याचे सुचविले व १९३४ मधील चुंबकीय मापनांनी ते खरे ठरले.

श्वासातील बाष्पाशी विक्रिया होऊन त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि उरलेले दाहक पोटॅश कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेते. एकाच पदार्थाने दोन्ही कामे व्हावीत, ही सोय विरळाच. त्यामुळे खाणींतील बचाव-श्वसनयंत्रे, पाणबुड्या व सोयूझ अवकाशयाने यांत त्याचा उपयोग झाला.

धोका याच गुणात आहे. तेल, लाकूड यांसारख्या ज्वालाग्राही द्रव्यांच्या संपर्कात ते भडका घेते. जुन्या पोटॅशियमावर धरलेला पिवळा थर तेलासह सुरीने कापला जाऊन प्रयोगशाळांत स्फोट झाले आहेत. बॅरेंट्‌स समुद्रात १२ ऑगस्ट २००० रोजी ‘कूर्स्क’ ही रशियन पाणबुडी बुडाली. तीवरील ११८ जणांपैकी २३ जण स्फोटांनंतर नवव्या कक्षात जिवंत होते. ऑक्सिजनासाठी ठेवलेले हे रसायन तेलकट पाण्याला लागून आग भडकली व कक्षातील उरलासुरला ऑक्सिजन तिने संपविला, असा निष्कर्ष पुढे निघाला.