सहाशे स्त्रिया, एक आकडा

मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीत काझी राहिलेला, दौलताबादही पाहिलेला इब्न बतूता १३५२ मध्ये सहारा ओलांडून माली साम्राज्यात निघाला.

वाटेत तघाझा लागले. तेथील घरे आणि मशीदही मिठाच्या ठोकळ्यांची, छपरे उंटाच्या कातड्यांची. मीठ खणणारे सारे गुलाम. खजूर, उंटाचे मांस आणि बाहेरून आलेले धान्य यांवर जगणारे.

मालीतील न्यायव्यवस्था आणि प्रवाशांची सुरक्षितता यांची त्याने मुक्तकंठाने प्रशंसा केली. परतताना नायजरच्या परिसरात त्याला १६ अवाढव्य प्राणी दिसले. प्रथम ते हत्ती वाटले. ते पाणघोडे असल्याचे सोबत्याने सांगितले. त्यांची शिकार कशी होते, हेही त्याने तपशिलाने नोंदवले.

१३५३ मध्ये ताकेद्दाहून तो ज्या काफिल्यासोबत मायदेशी निघाला, त्यात सुमारे ६०० गुलाम स्त्रिया होत्या. त्या कोण, कुठल्या, वाळवंटात त्यांचे काय झाले, याविषयी तो काहीच सांगत नाही. ताकेद्दात त्याने स्वतःही शिकलेली दासी विकत घेण्याची खटपट केली होती.

पाणघोडा त्याच्यासाठी नवल होता, गुलामगिरी नव्हती. म्हणूनच ‘रिहला’ वाचताना, लेखकाला जे नित्याचे वाटले तेथे आपण थांबायला हवे.