डॉ. केगेल यांच्या उपकरणाची गोष्ट

१/ 'केगेल' हे आज एका व्यायामाचे नाव झाले आहे. मुळात ते लॉस एंजेलिसमधील एका स्त्रीरोगतज्ज्ञाचे आडनाव. डॉ. आर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात व्यायामाइतकेच महत्त्व एका उपकरणाला होते. पुढे व्यायाम घरोघरी पोहोचला. उपकरण मागे पडले आणि त्याची किंमत स्त्रियांनी मोजली.

२/ जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले स्नायू मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय तोलून धरतात. खोकताना, शिंकताना पोटातील दाब वाढतो, त्याच क्षणी हे स्नायू आवळून मूत्रमार्गाला आधार देतात. प्रसूतीत ते ताणले जातात, कधी फाटतात. मग नुसते हसतानाही लघवी गळते. यावर शस्त्रक्रिया करावी, नाहीतर बाईने मुकाट सोसावे, अशीच तेव्हा बहुधा रीत होती.

३/ या स्नायूंच्या व्यायामाचा विचार केगेल यांच्याआधीही झाला होता. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील मिनी रँडेल आणि नर्तिका मार्गारेट मॉरिस यांचे बाळंतिणींच्या व्यायामांवरील पुस्तक १९३६ चे. त्यांची नावे मात्र कोणत्याही व्यायामाला चिकटली नाहीत!

४/ केगेल यांचे खरे श्रेय निरीक्षणात आहे. 'आवळा' म्हटले की अनेक स्त्रिया पोट वा नितंब आवळत, काही तर उलट खाली जोर देत. जो स्नायू डोळ्यांना दिसत नाही, तो शब्दांनी कसा शिकवणार? म्हणून त्यांनी 'पेरिनिओमीटर' घडवला. योनीमार्गात ठेवायची हवेची रबरी नळी आणि तिला जोडलेला दाबमापक. योग्य स्नायू आवळला की काटा हले, आणि तो त्या स्त्रीला स्वतःला दिसे. रोज तीन वेळा, प्रत्येकी २० मिनिटे सराव. वाढत्या प्रतिकाराविरुद्ध स्नायू बळकट करण्याचे हे तत्त्व डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी त्याच दशकात जखमी सैनिकांसाठी रूढ केले होते.

५/ कालांतराने काटा गेला, उरली ती तोंडी सूचना. १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ स्त्रियांना थोडक्यात सूचना देऊन तपासले, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींचा प्रयत्न योग्य ठरला. सुमारे चौथा हिस्सा जणी जे करीत होत्या, त्याने लघवी गळणे वाढण्याचाच संभव होता. वर्षानुवर्षे 'व्यायाम करूनही गुण नाही' म्हणणाऱ्या किती जणींना व्यायाम मुळात कोणी शिकवलाच नव्हता, कोण जाणे.

६/ फिजिओथेरपिस्टचे काम इथे सुरू होते. संमतीने बोटाने तपासून ती स्नायूची ताकद व दम पाहते, चूक तिथेच सुधारते, खोकण्याच्या क्षणभर आधी आवळण्याची लकब शिकवते. नॉर्वेतील कारी ब्यो यांच्या १९९९ च्या चाचणीत असा सराव विद्युत-उत्तेजन व योनीमार्गातील वजने या दोन्हींपेक्षा सरस ठरला. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ताणाने लघवी गळणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के जणींनी बरे झाल्याचे सांगितले. न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते.

७/ तपासणीचे आणखी एक कारण आहे. काही जणींचे हे स्नायू सैल नसून सतत आखडलेले असतात. शरीरसंबंधात वा शौचाला वेदना होतात. त्यांना आधी आवळायला नव्हे, तर श्वासाच्या लयीबरोबर हे स्नायू सैल सोडायला शिकवले जाते.