पपईचा चीक आणि कमरेची गादी

मटण लवकर शिजावं म्हणून त्यात कच्ची पपई घालतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच पपईच्या चिकापासून एकेकाळी कमरेचं इंजेक्शन बनत होतं.

१९५६ साली लुईस थॉमस या अमेरिकन डॉक्टरांनी पपईच्या चिकातलं पपेन सशांच्या शिरेत टोचलं. थोड्याच वेळात सशांचे ताठ कान लुळे पडले, कारण कानातली कुर्चा मऊ झाली होती. काही दिवसांनी कान पुन्हा उभे राहिले. त्यावरून लायमन स्मिथ या हाडांच्या डॉक्टरांनी पुढचा विचार केला. दोन मणक्यांमधल्या गादीतला मऊ गर बाहेर सरकला की पायाकडे जाणारी नस दबते आणि पायात कळ जाते. (आपल्याकडे सगळ्यालाच ‘गॅप’ म्हणतात.) तो गरच विरघळवला तर? १९६४ साली त्यांनी माणसांवरचा अनुभव छापला. १९८२ साली अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. बऱ्याच जणांचं ऑपरेशन टळलं. पण काहींना जबर रिॲक्शन आली, काही दगावले, काहींचे पाय गेले. २००३ पर्यंत तिथली विक्री बंद झाली. “झाडाचंच आहे, अपाय कसला?” असं बैठकीत कुणी म्हटलं, की आम्ही ही पपईची गोष्ट काढतो.

आज आपल्या आईला, सासूबाईंना सांगतात ते इंजेक्शन वेगळं. १९०१ साली पॅरिसमध्ये माकडहाडाजवळून कोकेन टोचून पायाची कळ थांबवली गेली. १९५० नंतर त्या जागी स्टेरॉइड आलं. ते नसेभोवतीची सूज उतरवतं, गादी जागेवर बसवत नाही. आराम पडला तर काही आठवडे, कधी काही महिने. सरकलेली गादी पुष्कळदा तेवढ्या काळात आपोआप निवते, म्हणून त्या आरामाला किंमत आहे. म्हातारपणी मात्र मणक्यातली वाटच अरुंद झालेली असते, तिथे फायदा कमीच. मग गटातून कर्ज काढून सुईवर सुई कशासाठी? दुखणं गादीचं की अरुंद वाटेचं, हे डॉक्टरांना आधी विचारावं. शुगर असेल तर ती काही दिवस वाढते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगावं.

आणि लघवी-संडासचा ताबा सुटला, जांघ बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर इंजेक्शनचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं.