बिदागी, तालीम आणि प्रवास

वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला माणसं शिल्पं पाहायला जातात. पाथरवटाची चूल कशी पेटत होती, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. गवयांच्या बाबतीतही आपलं असंच होतं. तान आठवते, बिदागी, रेल्वेचं भाडं आणि घरातली खाणारी तोंडं आठवत नाहीत. म्हणून मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्याकडे कष्टकरी माणूस म्हणून पाहावंसं वाटतं.

१८७२ साली कैरान्यात जन्मलेले खाँसाहेब तरुणपणी बडोद्याच्या दरबारी गवई झाले. त्या काळी गवयाला मोठा आसरा संस्थानिकाचाच. पगार त्याचा, मर्जीही त्याची. ताराबाई माने यांच्यासह त्यांनी बडोदं सोडलं आणि दरबारची भाकरी सुटली. पुढे पोट मैफलींवर. म्हैसूर दरबारात मान मिळाला, पण मुक्काम मिरजेत.

१९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. शिष्य तिथेच राहत, जेवत, तालीम घेत. एवढ्यांचा खर्च भागवायचा कसा? गाऊनच. जलशाला तिकीट लागे. तिकीट लावून गाणं म्हणजे कलेचा बाजार, असं म्हणणाऱ्यांना किराणा घराणं ठाऊक असेल, किराणा मालाचं बिल नसावं! वाद्य बिघडलं तर खाँसाहेब स्वतःच हत्यारं घेऊन दुरुस्तीला बसत. तंबोऱ्याची जवारी नीट लागली नाही तर सूर कुठून लागणार?

१९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. यातल्याच हिराबाई बडोदेकर. बाईने तिकीट लावून जाहीर मैफल करणं लोकांना रुचत नव्हतं, तेव्हा त्यांनी ते केलं. घर दुभंगलं, पण लेकीने रोजीचा मार्ग बापाचाच धरला.

खाँसाहेबांचा प्रवास मात्र थांबला नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये, पासष्टीला टेकलेले असताना, ते मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली म्हणून सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावरच अंथरूण घातलं. तंबोरा जुळवून घेतला, दरबारीत अल्लाचं नाव आळवलं आणि डोळे मिटले, असं सांगतात. तारीख २७. मय्यत मिरजेला आणून ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केली. उरुसात गवई आजही तिथे हजेरी लावतात.