खाली पाहणाऱ्या दिव्याची कुळकथा

गोंदियाहून गोरेगाव, सडक अर्जुनीच्या वाटेने नवेगावबांधकडे निघाले की एका बाजूला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या बाजूला रान असा प्रदेश लागतो. इथे एकर-दोन एकरांत घर बांधणाऱ्याला झाडे लावावी लागत नाहीत. मोह, ऐन, तेंदू आधीपासून उभे असतात. प्रश्न पडतो तो रात्रीचा. फाटकापासून ओट्यापर्यंत साप-विंचू दिसेल एवढा उजेड हवा, मग सोपा उपाय म्हणून खांबावर फ्लडलाइट चढतो. दुसरा उपाय कमी दिसतो: झाडाच्या फांदीवर उंच, तोंड खाली करून, टोपीआड बसवलेला छोटा दिवा. पायवाट उजळते, पण दिवा कुठे आहे ते कळत नाही. इतकी साधी युक्ती सुचायला माणसाला फार काळ लागला, आणि त्याचे कारण ज्योतीच्या स्वभावात आहे.

ज्योत वर जाते, तेल खाली राहते. त्यामुळे तेलावर जळणारा दिवा पायाशी अंधार घेऊनच जन्मतो. या झाडीपट्टीतल्या दंडारीला, म्हणजे इथल्या लोकनाट्याला, आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकांना आधी टेंभ्यांचा उजेड होता. टेंभा धरणाऱ्याला सतत तेल पाजत उभे राहावे लागे. मग आला कंदील. १८७०च्या आसपास अमेरिकेत जॉन अर्विनने त्याची नळीची रचना बसवली. कंदिलाच्या दोन्ही अंगांना ज्या वाकड्या नळ्या दिसतात त्या नुसत्या धरायला नसतात. त्यांतून हवा खाली बर्नरपर्यंत पोचते, म्हणून वाऱ्यातही ज्योत टिकते. आपल्याकडे हे रूप घरोघर नेले ते सातारा जिल्ह्यातल्या ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने. हा कंदील फांदीला टांगून पाहावा. चहूकडे उजेड, पण बरोबर खाली, जिथे पाय ठेवायचा तिथे, टाकीची गोल सावली. बर्लिनच्या कारखान्यातून आलेल्या पेट्रोमॅक्सने, म्हणजे आपल्या गॅसबत्तीने, मांडव दिवसासारखा केला. तिचीही टाकी बुडाशीच होती.

विजेचा बल्ब हा उलटा टांगला तरी चालणारा पहिला सर्रास दिवा. तेल नाही, धूर नाही, वर-खाली असा भेद नाही. तरी बागेत त्याला सुरुवातीला जमिनीवर ठेवून आभाळाकडेच रोखले गेले. त्याला उघड्यावर राहण्याजोगी काया मिळाली ती मोटारीमुळे. आरसा आणि काच एकत्र सांधलेला, आत पाणी न शिरणारा ‘सील्ड बीम’ दिवा १९४०पासून अमेरिकी मोटारींत सरसकट आला. त्याच घराण्यातला ‘पार’ दिवा पावसापाण्यात टिकतो आणि उजेड एकाच दिशेला फेकतो, म्हणून बागेत शिरला.

पुढचे पाऊल टेक्सासमधल्या डलासचे. तिथे जॉन वॉटसन या प्रकाशरचनाकाराने १९५०च्या दशकात मोठ्या झाडांत उंचावर दिवे बसवून उजेड फांद्यांतून खाली सोडायला सुरुवात केली. या पद्धतीला ‘मूनलायटिंग’ हे नाव पडले. त्यातली मेख अशी, की दिवा पर्णसंभाराच्या खाली बसवला तर नुसते वर्तुळ पडते. वर बसवला तर मधल्या पानांची सावली जमिनीवर उतरते, वारा आला की ती हलते, आणि अंगणाला खोली येते. ऐनाच्या बुंध्याला घासून उजेड सोडला की सालीची एकेक चीर वेगळी दिसते. तोच उजेड समोरून टाकला तर बुंधा सपाट, रंगवल्यासारखा वाटतो.

१९५९मध्ये कॅलिफोर्नियात बिल लॉकलिन यांनी दुसरी अडचण सोडवली. ओल्या मातीत घरची वीज खेळवणे जिवावरचे काम. त्यांनी ट्रान्सफॉर्मर लावून ती मोटारीच्या १२ व्होल्टपर्यंत उतरवली. मात्र कमी व्होल्टला जास्त प्रवाह लागतो, आणि लांब तारेत तो वाटेतच झिजतो. १२ व्होल्टवर ५० वॉटच्या दिव्याला ४ अँपिअरहून जास्त प्रवाह लागायचा. शेवटच्या झाडापर्यंत पोचेतो दिवा पिवळा पडायचा. आता ५ वॉटच्या एलईडीला अर्ध्या अँपिअरहूनही कमी पुरतो. म्हणून दोन एकरांच्या वाडीतही हे जमते.

पण एलईडीने उजेड इतका स्वस्त केला की तो कुठे थांबवायचा हेच लोक विसरले. झाडीपट्टीत त्याची किंमत धान मोजते. दिवस लहान होऊ लागल्याची खूण पटली की पारंपरिक भारी, म्हणजे उशिरा पिकणारे, धान निसवते. रात्रभर फ्लडलाइटखाली उभी असलेली रोपे उशिरा निसवतात. खोडकिड्याचे पतंग उजेडाकडे येतात, म्हणून तर शेतात प्रकाश सापळा लावतात. बांधीकडे तोंड केलेला फ्लडलाइट हाही सापळाच, फक्त त्यात कीड मरत नाही, जमते. पाखरे अशी का फसतात याचे उत्तर २०२४मध्ये छापून आलेल्या एका संशोधनात आहे: उडता कीटक पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण रात्री उजळ बाजू म्हणजे आभाळ. जमिनीवरून वर रोखलेला दिवा त्याला अक्षरशः उलटा करून पाडतो. खाली पाहणारा, टोपीतला दिवा निदान ही दिशाभूल कमी करतो.

या भागाला अंधाराची सवय नवी नाही. नागझिरा १९७०मध्ये अभयारण्य झाले, २०१३मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला, आणि इथली विश्रामगृहे वर्षानुवर्षे विजेविना चालली. जवळच्या नागपूर जिल्ह्यात पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, भारतातला पहिला. त्यासाठी सिल्लारी, वाघोडा, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवावे लागले. डलासच्या श्रीमंत अंगणांतली युक्ती अशी विदर्भातल्या गावगल्लीत पोचली.

म्हणून रानालगतच्या घराची रचना करताना आधी नकाशावर अंधार आखावा: बांधी, बोडी (छोटे तळे) आणि रानाची कड पूर्ण सोडून द्यावी. मग फाटक, पायऱ्या, विहीर एवढेच टिपावे. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास असते, आणि त्यात माणूस वाट चालतो. तेव्हा वॉट वाढवण्याची घाई नको. रंग पिवळसर, २७०० केल्विन किंवा त्याखालचा. खोडाला तार आवळून बांधू नये, ती वाढत्या सालीत रुतते. गंज न लागणाऱ्या स्क्रूवर, बोटभर जागा सोडून दिवा बसवावा आणि झाड जाडावले की स्क्रू सैल करावा. आणि रात्री दहाला सगळे बंद करणारा टायमर लावावाच. तेवढ्या उजेडात कुलूप सापडते, पायरी दिसते, धानही वेळेवर निसवते; त्याहून जास्त उजेड हा नुसता दिखावा, आणि त्याचे बिल घरमालकाबरोबर शेजारचा शेतकरीही भरतो.