मनोरमेचा खर्च कोणी करायचा?

१८८३ साली पंडिता रमाबाई शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांच्यासोबत दोन वर्षांची मनोरमा होती. पती बिपिनबिहारी मेधावी आदल्या वर्षीच वारले होते. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा प्रवासखर्चाला उपयोगी पडला. वैद्यक शिकायची इच्छा होती, पण ऐकू कमी येत असल्याने ती पुरी झाली नाही. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि हिंदुस्थानात येणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवून आपला भार हलका करू लागल्या. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकायला गेल्या. त्या काळात मनोरमेचा बराचसा सांभाळ वाँटेजच्या सिस्टरांनी केला.

हा सांभाळ मायेचा होता, यात शंका नाही. पण तो फुकटचा नव्हता. मनोरमेला धर्माची कोणती शिकवण द्यायची यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात वाद झाला. तो त्यांच्या पत्रव्यवहारात वाचायला मिळतो. मुलीला काय शिकवायचे हे आई ठरवील, असा रमाबाईंचा आग्रह होता. ज्याच्या घरी मूल जेवते त्याचा त्या मुलावर काही अधिकार चालतो, हा जगाचा जुना नियम. रमाबाईंना तो मान्य नव्हता. पण त्यांच्या हाती दुसरी सोयही नव्हती.

तीस वर्षांनी, १९१३ साली, बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. मुंबईला पत्नी रमाबाई आणि तान्हा यशवंत होते. शिष्यवृत्ती विद्यार्थ्यासाठी होती. विद्यार्थ्याला संसार असतो, हे तिच्यात धरलेले नव्हते. पोटाला चिमटा काढून त्यातूनच घरी पैसे धाडावे लागत.

शिकायला परदेशी गेलेल्या आईच्या किंवा बापाच्या मुलाचा खर्च ही कोणाची जबाबदारी, हा प्रश्न या दोन्ही उदाहरणांत आहे. एकीकडे त्याचे उत्तर धर्मादाय हे होते, दुसरीकडे काटकसर. ‘हक्क’ हे तिसरे उत्तर युरोपात विसाव्या शतकात तयार झाले. ते विद्यार्थ्यापर्यंत पोचायला एवढा उशीर का झाला, हे पाहण्यासारखे आहे.

या हक्काचा उगम पगारात आहे. कारखान्यातला एकटा जीव आणि पाच मुलांचा बाप यांना मजुरी सारखीच. मग ती पाच मुले वाढवायची कशी? फ्रान्समध्ये काही मालकांनी एकत्र येऊन निधी उभारले, त्यातून लेकुरवाळ्या कामगारांना जादा रक्कम मिळू लागली आणि १९३२च्या कायद्याने ती पद्धत सक्तीची झाली. इंग्लंडमध्ये एलिनॉर रॅथबोन यांनी १९२४ साली ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’ हे पुस्तक लिहून हाच प्रश्न मांडला. हिंदुस्थानातील बालविवाहावर पुढे पुस्तक लिहिणाऱ्या त्या ह्याच बाई. १९४५चा कुटुंबभत्त्याचा कायदा झाला तेव्हा सरकारी मसुद्यात पैसे बापाच्या हाती द्यायचे होते. रॅथबोन यांनी जोराचा विरोध केला आणि ते आईच्या हाती देण्याचे ठरले. रक्कम आठवड्याला पाच शिलिंग, तीही दुसऱ्या मुलापासून. पण मुलाचा पैसा बापाच्या पगारापासून सुटा झाला, हे तिथे प्रथमच स्पष्ट झाले.

जर्मनीची वाट जास्त वळणांची आहे. नाझी राजवटीत मोठ्या कुटुंबांना भत्ता मिळे, ज्यू कुटुंबांना मात्र नाही. युद्धानंतर पश्चिम जर्मनीने १९५५पासून तिसऱ्या मुलापासून पुढे दरमहा २५ मार्क द्यायला सुरुवात केली. त्याला ‘किंडरगेल्ड’ म्हणतात. मराठीत बालभत्ता म्हणू. त्याचा पैसाही आरंभी मालकांकडूनच येई. १९७५ साली तो पहिल्या मुलापासून लागू झाला: पहिल्याला ५०, दुसऱ्याला ७०, पुढच्यांना १२० मार्क. त्याच वेळी तुर्कस्तानात राहणाऱ्या मुलांसाठी तुर्की कामगारांना कमी दर ठेवण्यात आला. परिणाम उलटाच झाला. अनेकांनी बायकामुले जर्मनीत आणली. भत्त्याचा एक नियम एखाद्या शहराची वस्ती कशी बदलतो, हे त्यातून दिसले.

युरोपीय समुदायाने देशोदेशींचे भत्ते जुळवणारा नियम १९७१ साली केला, पण तो कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी. विद्यार्थी स्वतःच्या नावाने त्यात आला १९९९ साली. कारण सरळ आहे. सारा हिशोब ‘कुठे काम करतो’ या प्रश्नावर उभा होता आणि विद्यार्थी काम करत नाही. आजही दोन देशांचा हक्क एकाच मुलावर येतो तेव्हा आधी नोकरीचा देश, मग पेन्शनचा, शेवटी नुसत्या राहण्याचा, असा क्रम लागतो. समजा, पोलंडची आई मुलाला घेऊन जर्मनीत शिकते आणि बाप पोलंडमध्ये नोकरी करतो. तर आधी पोलंड देईल आणि जर्मनी वरचा फरक भरील.

युरोपाबाहेरच्यांची गोष्ट वेगळी. १९९४पासून जर्मनीने बालभत्ता परवान्याच्या प्रकाराशी बांधला. शिक्षणासारख्या ठरावीक कारणासाठी दिलेला परवाना त्यातून वगळला गेला. मागचा विचार असा, की जो परत जाणार त्याच्या मुलावर खर्च कशाला? २००४ साली जर्मन घटना न्यायालयाने परदेशी कुटुंबांच्या प्रकरणात सांगितले, की कोण कायम राहणार हे केवळ परवान्याच्या प्रकारावरून ठरत नाही. असा भेद समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. कायदा सुधारला, पण २००६च्या सुधारणेतही शिक्षणाचा परवाना बाहेरच राहिला. १ मार्च २०२०पासून दार किलकिले झाले. आता शिक्षणाच्या परवान्यावरची आई किंवा बाप नोकरी करत असेल, अथवा नोकरीतून पालकत्वाच्या रजेवर असेल, तर भत्ता मिळतो. नुसते शिकत असेल तर मिळत नाही.

गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलीचा जर्मनीहून फोन आला. मूल तिच्याजवळ, नवरा पुण्यात. ती शिकता शिकता अर्धवेळ काम करते. म्हणाली, “काका, भत्त्याचा अर्ज केला तर सरकारी मदतीवर जगते म्हणून व्हिसा अडवतील का हो?” तिने भीतीपोटी अर्जच केला नव्हता. खरे तर तिथल्या परकीय नागरिकांच्या कायद्यात स्वच्छ लिहिले आहे, की बालभत्ता आणि पालकभत्ता घेणे म्हणजे सरकारी पैशावर जगणे नव्हे. आणि उशिरा अर्ज केला तर मागचे सहा महिनेच मिळतात; त्याआधीचे गेले ते गेले. २०२५ साली ही रक्कम मुलामागे दरमहा २५५ युरो होती. एकट्या विद्यार्थ्याने वर्षाला ११,९०४ युरोंची तजवीज दाखवायची असते. त्याशेजारी वर्षाचे ३,०६० युरो ठेवून पाहिले की अर्ज न करण्याची किंमत कळते. मी तिला एवढेच सांगितले, की हे भीक मागणे नाही. आधी विद्यापीठाच्या सल्लागाराला भेट आणि अर्ज कर.

पण तिची भीती खुळी नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे परदेशी विद्यार्थ्याला हेच शिकवले गेले आहे, की तू पाहुणा आहेस, पाहुण्याने मागू नये. ब्रिटनमध्ये तर शिक्षणाच्या व्हिसावर साधारणपणे ‘सरकारी निधी घ्यायचा नाही’ ही अट छापलेलीच असते आणि बालभत्ता त्या निधीत मोडतो. जानेवारी २०२४पासून संशोधनाचे अभ्यासक्रम आणि सरकारी शिष्यवृत्तीचे काही विद्यार्थी सोडले, तर इतरांना मूल आश्रित म्हणून सोबत नेताही येत नाही.

म्हणजे रमाबाई आज साध्या पदवीसाठी तिकडे निघाल्या असत्या तर मनोरमेला विमानतळावरूनच मागे पाठवावे लागले असते. १८८३ साली त्यांना निदान मूल सोबत ठेवता आले. कायदा आड आला नाही, आड आली ती गरज. जर्मनीत आज मूल सोबत राहू शकते, पण त्याचा पैसा आई नोकरी करते की नाही यावर ठरतो. दोन्हीकडे प्रश्न आईला विचारला जातो: तू कोण, काय करतेस, परत कधी जाणार? मुलाला दूध किती लागते, हा प्रश्न रॅथबोन यांनी शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. परदेशी विद्यार्थ्याच्या मुलाबाबत तो अजून पुरता विचारला गेलेला नाही.